तोलारकाकांचं कोरडं वजन

आधी माफी मागतो. दिवाळी अंकात लिहावं असं काही माझ्या हातून घडलेलं नाही. मी डॉक्टर नाही. डायलिसिसचा टेक्निशियन आहे, म्हणजे ज्यांच्या किडन्या बंद पडल्या आहेत त्या माणसांना मशीनला जोडणारा आणि चार तासांनी सोडवणारा. माझं गाव उमरी तालुक्यातलं. आई-वडील दुसऱ्याच्या रानात रोजानं जातात. बारावीनंतर नांदेडला डिप्लोमा केला, सहा वर्षं मशीनवर काढली आणि आता उशिरानं लातूरला पदवीचं शिकतो आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहिणं म्हटलं की मला परीक्षेतला पेपरच आठवतो, आणि किती मार्कांसाठी किती ओळी हेच डोक्यात येतं.

मराठीच्या सरांनी लेख मागितला तेव्हा मी दोन महिने त्यांना टाळलं. शेवटी त्यांनी जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "वर्गात जे सांगितलंस तेच कागदावर उतरव. नवीन काही नको." वर्गात मी तोलारकाकांबद्दल सांगितलं होतं. त्यांच्यावर लिहायला माझ्याहून लायक माणूस मिळेल, पण त्या दिवशी काट्यासमोर मीच उभा होतो. म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं काम आधी थोडं समजावून सांगतो. किडनी बंद पडली की लघवी हळूहळू थांबते. अंगातली घाण आणि पाणी अंगातच साठतं. मग आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, चार-चार तास, रक्त नळीनं बाहेर काढायचं, गाळायचं आणि परत आत सोडायचं. गाळणी हातभर लांबीची असते, तिच्यात केसासारख्या बारीक हजारो नळ्या. पेशंटच्या हातावर एक लहान ऑपरेशन करून एक धमनी आणि एक शीर जोडलेली असते, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोटं ठेवली की आत मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती लागली की आमचा जीव भांड्यात पडतो.

एका माणसाच्या एका डायलिसिसला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं. आणि ज्याच्यासाठी ते लागतं त्याला स्वतःला दिवसभरात पाऊण लिटरच्या वर पाणी प्यायला परवानगी नसते. डिप्लोमाला पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला शिकवणारे सर चेष्टा करतात असं वाटलं होतं.

आता काट्याबद्दल. प्रत्येक पेशंटचं एक 'कोरडं वजन' ठरलेलं असतं. म्हणजे अंगात जादा पाणी नसताना माणूस जेवढा भरतो तेवढं. पुढच्या वेळी तो आला की आधी वजनकाट्यावर उभा राहतो. चोपन्न किलोचा माणूस अठ्ठावन्न भरला, तर चार लिटर पाणी अंगात आहे. तेवढं मशीननं काढायचं. पेशंट घरी काय प्यायला, लग्नात किती वरण ओरपलं, सगळं काटा सांगतो. मी कितीतरी वेळा पेशंटवर डाफरलो आहे, "मावशी, हे तीन किलो कुठून आले? हवेतून आले का?"

पण काट्यानंतर आणखी एक काम असतं. पेशंटच्या नडगीवर अंगठा दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं आणि उचलायचा. खळगा पडून तसाच राहिला तर पाणी आहे. आम्हाला शिकवणारे सर म्हणायचे, काटा खरं बोलतो पण पुरतं बोलत नाही, उरलेलं अंगठ्याला विचारा. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. त्याला मार्कही मिळाले होते.

नांदेडच्या ज्या दवाखान्यात मी नोकरीला होतो तिथं पाच मशीन होत्या. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यातली एक पॉझिटिव्ह पेशंटसाठी वेगळ्या वॉर्डात नेली. एक बिघडली, आणि तिचा सुटा भाग पुण्याहून यायचा तो येईना. उरल्या तीन. आजूबाजूच्या गावांतली बरीच सेंटरं बंद झाली होती किंवा कोरोनासाठी घेतली होती. त्यामुळे पेशंट मात्र दुप्पट. धर्माबादहून, देगलूरहून, परभणीच्या बाजूनं लोक यायचे. कुणी दुधाच्या गाडीत, कुणी मोटारसायकलवर रानातल्या वाटेनं. चार तासांचं डायलिसिस तीन तासांवर आलं. आठवड्यातून तीनदा येणारा दोनदा, दोनदा येणारा पाच दिवसांतून एकदा. किडनी बंद पडलेल्या माणसाला लॉकडाउन लागू होत नाही. त्याला घरात बसा म्हणता येत नाही. घरात बसला की तो आठ-दहा दिवसांत जातो.

आमच्या इन्चार्ज सलमा सिस्टर. वीस वर्षं नोकरी झालेली, आवाज चढा, मन मऊ. त्या, मी आणि आणखी एक टेक्निशियन एवढ्यावर सगळं चालायचं. दिवसाला एकच पीपीई किट मिळायचं. एकदा घातलं की सहा-सात तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही. बेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि अंगावर प्लास्टिक. दुपारी एकच्या सुमाराला जीभ टाळूला चिकटायची. त्या दिवसांत मला पहिल्यांदा तहान म्हणजे काय ते कळलं. दोन वर्षं मी ज्यांच्यावर डाफरत होतो ती माणसं ही तहान रोज घेऊन जगतात, आणि वर माझं ऐकूनही घेतात. मला स्वतःची लाज वाटली. एकदा मशीनवर असलेल्या एका आजोबांना म्हणालो, "आजोबा, आज कळलं बरं." ते म्हणाले, "तुमचं सहा तासांनी सुटतंय. आमचं कवा सुटंल?" आणि हसले. या माणसांच्या हसण्याचं मला अजून कोडं आहे.

तोलारकाका त्याच दिवसांत आले. उदगीरचे. लातूर जिल्ह्यातल्या ज्या सेंटरात ते जायचे ते कोरोनासाठी घेतलं होतं. ओळखीच्या भाजीवाल्याच्या पिकअपला नांदेडचा पास होता, त्यात मागं मिरच्यांच्या पोत्यांवर बसून ते आले. सत्तरीच्या आसपासचे, सडपातळ, पांढरा सदरा, हातात वेळूची काठी. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांचं धान्य तोललं होतं. तोलार म्हणजे तेच, अडतीवर पोती काट्यावर चढवून वजन पुकारणारा. विकणारा आणि घेणारा दोघेही ज्याच्या तोंडाकडं बघतात तो माणूस.

काट्यावर उभं राहायच्या आधी ते काट्याभोवतीच एक चक्कर मारून आले.

"तम्मा," ते मला म्हणाले. उदगीरकडं कानडीचा शेजार आहे, धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. "तुमचा काटा खातंय."

"काय खातंय?"

"वजन खातंय. फरशी एका अंगाला उतरती हाय. सव्वाशे-दीडशे ग्रॅम कमी दावत असंल. लोकं खूष असतील तुमच्यावर."

मी म्हणालो, "काका, हा इलेक्ट्रॉनिक काटा आहे."

"आसंल. पण उभा फरशीवरच हाय नव्हं?"

सलमा सिस्टरनी समोरच्या किराणा दुकानातून मिठाचे एक-एक किलोचे सीलबंद पुडे मागवले. दहा पुडे ठेवले. काट्यानं नऊ आठशे साठ दाखवले. काकांनी पुठ्ठ्याची घडी करून एका पायाखाली सरकवली, परत पुडे ठेवायला लावले. दहा. सिस्टरनी कपाळाला हात लावला. "या अल्ला, दोन साल से हम यही काटे पे..." काका काट्यावर चढले आणि म्हणाले, "चाळीस वर्सं लोकांची पोती तोललो. आता माझं पोतं तुम्ही तोला. पण बरोबर तोला बाबा."

तेव्हापासून ते आमचे तोलारकाका झाले.

पेशंट वाढले तशी भांडणं वाढली. आज माझा नंबर, नाही माझा. आधी कुणाला घ्यायचं? काकांनीच एक दिवस तोडगा काढला. दवाखान्याच्या अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड होतं, त्याखाली सगळे अंतर ठेवून बसायचे. काका म्हणाले, "मोंढ्यात वाद झाला की आम्ही काय करताव? काट्याला इचारताव. ज्याच्या अंगात पाणी जास्ती, त्याचा नंबर आधी. ज्याचं कमी, त्यानं एक दिवस दम धरावा. वजन सगळ्यांम्होरं पुकारायचं. मग कुणी बोलायचं न्हाई."

डॉक्टरांनी फोनवर ऐकून घेतलं आणि होकार दिला. त्या दिवसापासून रोज सकाळी झाडाखाली काटा मांडायचो. मी सहा फुटांवर उभा राहून आकडा मोठ्यानं वाचायचो, सिस्टर कोरड्या वजनातून फरक काढायच्या आणि नंबर ठरायचे. आश्चर्य सांगतो, भांडणं थांबली. मरणाच्या दारात उभी असलेली माणसं एकमेकांचं वजन ऐकून म्हणायची, "हाव, तुमचं जास्त हाय, तुम्ही जावा." मी हे रोज बघायचो आणि घरी जाऊन आईला फोनवर सांगायचो. आई म्हणायची, "खरं सांगायलास का रे?"

फक्त एक गोष्ट त्या दिवसांत बंद झाली होती. पेशंटला गरज नसताना हात लावायचा नाही असा नियम आला होता. त्यामुळे नडगीवरचा अंगठा मी बंद केला. काटा तर आहेच, असं मनाला समजावलं.

आणखी एक नियम होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. पेशंटला दम लागलेला दिसला की तो कोरोनाचा संशयित. त्याला आधी तपासणीला पाठवायचं. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागायचे. तोपर्यंत तो आमच्या चांगल्या मशीनवर चालत नाही आणि पॉझिटिव्हच्या मशीनवरही चालत नाही. आता, अंगात पाणी भरलं की किडनीच्या पेशंटला दम लागतोच. पाणी फुप्फुसात चढतं. त्याचं औषध डायलिसिस. पण दम लागला म्हणून डायलिसिस नाही. अशा दोन-तीन दिवसांच्या मधल्या जागेत आम्ही माणसं गमावली होती, आणि झाडाखाली बसणाऱ्या सगळ्यांना ते माहीत होतं.

तो दिवस मंगळवारचा. सकाळीच तीनपैकी एका मशीननं पाणी ओढणं बंद केलं. राहिल्या दोन. सकाळी दोघं, दुपारी दोघं, म्हणजे चार जागा. झाडाखाली पाच माणसं होती. त्यांतल्या तिघांचे काटे भलतेच जड होते, त्यांच्याबद्दल प्रश्नच नव्हता. राहिलेल्या एका जागेसाठी दोघं. तोलारकाका आणि सुनीताताई.

सुनीताताई उमरीच्या. तिशी गाठलेली नव्हती. नवऱ्याचं पंक्चरचं दुकान, पाच वर्षांची एक मुलगी. आमच्या तालुक्यातल्या म्हणून मला त्या बहिणीसारख्या. नवऱ्यानं मोटारसायकलवर आणलं होतं. त्या झाडाला टेकून बसल्या होत्या, तोंडावर ओढणी घट्ट बांधलेली. वजनाला उठल्या, काट्यावर उभ्या राहिल्या, उतरल्या. मी आकडा वाचला. कोरड्या वजनापेक्षा दोन किलो चारशे जादा. पाच दिवसांच्या मानानं फारच कमी. माझ्या चष्म्यावर वाफ होती, मला आकडा दिसत होता, माणूस अंधूक दिसत होता.

"काका, तुम्ही या," सिस्टर म्हणाल्या.

काका पाच दिवसांनी आले होते. नेहमी चार-साडेचार किलो जादा असायचे. ते काठी टेकत आले आणि काट्यावर चढले.

मी लांबूनच म्हणालो, "काका, काठी खाली ठेवा."

"ठिवतो की. पडलो तर धरशील का मला, तम्मा?"

धरायचं नाही असाच तर नियम होता. त्यांच्यासोबत घरचं कुणी नव्हतं. त्या वयाच्या माणसाला चक्कर आली तर काय, या विचारानं मी काठी राहू दिली.

काट्यावर आकडा थरथरला आणि थांबला. पंचावन्न सहाशे. त्यांचं कोरडं वजन चोपन्न. जादा फक्त एक किलो सहाशे.

आणि मी काय केलं? मी सगळ्यांसमोर त्यांना शाबासकी दिली. "बघा! याला म्हणतात पथ्य! पाच दिवसांत दीड किलो! शिका जरा काकांकडून!"

"लिंबाची फोड चोखून दिवस काढायलाव," काका म्हणाले आणि काट्यावरून उतरले.

नियमाप्रमाणे जागा सुनीताताईंना गेली. काका सिस्टरना म्हणाले, "त्या पोरीला सकाळच्या पाळीतच घ्या बाई. तिला उमरी गाठायची हाय, लेकरू घरी हाय." सिस्टरनी घेतलं. काकांना गुरुवारी सकाळी पहिला नंबर देतो असं सांगितलं. ते म्हणाले, "देशील की. कुठं जातंय गुरुवार." आणि झाडाखाली पिकअपची वाट बघत बसले.

आत सुनीताताईंची खुर्ची मागं करायला लागलो तर त्या म्हणाल्या, "न्हाई सर, आसंच बसते." मी मशीन सुरू केली. सलमा सिस्टर दोन वेळा येऊन बघून गेल्या. तासाभरानं सुनीताताईंनी स्वतःच हात केला, "आता खाली करा थोडं." आणखी थोड्या वेळानं, "आणखी." पाठ टेकवली आणि त्यांचे डोळे मिटले. सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हिला दम होता. बैठी थी इसलिए कळलं नाही. लपवली हिनं."

मग मला एकेक कळत गेलं. बाईनं पाच दिवस धड जेवण केलं नव्हतं. अंगातलं मांस उतरलं होतं आणि त्याची जागा पाण्यानं घेतली होती. दोन्ही मिळून काट्यावर वजन कमीच दिसणार. सर शिकवायचे तेच. काटा खरं बोलला होता, पण पुरतं बोलला नव्हता. मी अंगठा लावला असता तर कळलं असतं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आणखी पाणी काढायला सांगितलं.

बारा वाजता त्यांना मशीनवरून सोडवलं. त्या म्हणाल्या, "सर, पाच दिवसांनी आडवी झोपले." नवरा बाहेर दारात उभा होता. बायकोला बाकावर बसवलं आणि तो माझ्याकडं आला. खाली मान घालून म्हणाला,

"सर, एक बोलायचं हाय. काकांनी काठी काट्याच्या बाहेर टेकली होती. जमिनीवर. सगळा भार काठीवर देऊन राहिले होते. मी बघितलो."

"मग बोलला का नाहीस?"

"माझ्याकडं बघून मान हलवले त्यांनी. गप म्हणून." तो रडायला लागला. "माझी बायको होती सर. मी गप राहिलो."

मी पीपीईमध्येच अंगणात धावलो. झाडाखाली कुणी नव्हतं. पिकअप साडेदहालाच गेली होती.

तेव्हा सगळं उमगलं मला. काकांनी सुनीताताईंना दम लागलेला बघितला होता. चाळीस वर्षं पोतं बघून वजन सांगणारा माणूस तो. पण मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. "हिला दम आहे" असं कुणी म्हटलं असतं की ती संशयित झाली असती आणि गेली असती त्या मधल्या जागेत. म्हणून ते बोलले नाहीत. तिचा आकडा ऐकून घेतला आणि आपला त्याच्या खाली आणला. काठी बाहेर टेकवून किती भार काढला म्हणजे काटा कुठं थांबेल, हे त्या माणसाला नाही कळणार तर कुणाला? आणि मी टाळ्या पिटत होतो.

कागदावर त्यांच्या नावापुढं एक मोबाइल नंबर होता, ते जिथं काम करायचे त्या अडत दुकानाचा. लावला तर बंद. बुधवारी बातमी आली, लातूर जिल्ह्याची हद्द बंद केली, भाजीच्या गाड्यांचे पासही रद्द. गुरुवारी पहिल्या नंबरची खुर्ची मी अर्धा तास रिकामी ठेवली. मग पुढच्या माणसाला बोलावलं.

शनिवारी मला ताप आला. मी पॉझिटिव्ह निघालो. सतरा दिवसांनी कामावर परत आलो आणि पहिलं विचारलं, "उदगीरचे काका?" सिस्टरनी मान हलवली. "नाही आले बेटा." नंबर तेव्हाही बंद होता. पाच दिवसांचं पाणी अंगात घेऊन निघालेला माणूस, त्यावर तीन आठवडे. हिशेब मला येत होता. तो करायलाच तर शिकलो होतो.

सुनीताताई त्यानंतर अकरा महिने जगल्या. त्या अकरा महिन्यांत त्यांची मुलगी पहिलीत गेली, शाळा मोबाइलवरच होती तरी. मशीनवर बसून त्या तिला फोनवर पाढे म्हणायला लावायच्या आणि आम्ही सगळे ऐकायचो. बाराच्या पाढ्याला मुलगी अडली की तीन खुर्च्यांवरची तीन माणसं तिला सांगायची. दुसऱ्या लाटेत त्यांना कोरोना झाला. वेगळ्या वॉर्डातल्या मशीनवर त्यांचं शेवटचं डायलिसिस मीच केलं. जाण्याआधी त्यांनी दोनदा विचारलं होतं, "काकांचं काही कळलं का सर?" त्यांच्या नवऱ्यानं त्यांना कधीतरी सांगितलं असणार. मी दोन्ही वेळा म्हणालो, "चौकशी करतो."

केली नाही. हे कबूल करायला मला या लेखात सगळ्यात जास्त वेळ लागला. हद्द उघडली, बस सुरू झाल्या. नांदेडहून उदगीर काही परदेशात नाही. पुढं मी लातूरला शिकायला आलो, तेव्हा तर सकाळी जाऊन दुपारी परत येता आलं असतं. मोंढ्यात जाऊन तोलार कोण विचारलं असतं तर कुणीही घर दाखवलं असतं. मी गेलो नाही. जोवर जात नाही तोवर ते मेलेले नाहीत, असं काहीतरी मनात होतं. दारात त्यांची बायको किंवा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, तुम्हीच का ते वजन करणारे, तर मी काय सांगणार होतो? पीपीई होतं, चष्म्यावर वाफ होती, हात न लावायचा नियम होता. सगळं खरं. पण काठी ठेवा म्हणून मी एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

त्यानंतर मी एक नेम केला. वजन करताना आकड्याच्या आधी पेशंटचे हात बघायचे. आणि अंगठा लावल्याशिवाय कुणालाही मशीनला जोडायचं नाही, नियम काहीही असो. सोबतचे मला हसायचे. "तुझा अंगठा झिजंल एक दिवस."

आता पदवीचा भाग म्हणून आम्हाला लातूरच्या एका दवाखान्यात कामाला जावं लागतं. तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी एक नवीन मावशी आल्या, साठीच्या. मुलाची बदली लातूरला झाली म्हणून डायलिसिसचं ठिकाण बदललं होतं. मी म्हणालो, "मावशी, काट्यावर या." त्या आल्या. काट्यावर चढायच्या आधी त्यांनी आपली काठी लांब भिंतीला टेकवली. मग चढल्या आणि दोन्ही हात सरळ डोक्यावर उचलले. पोलिसांनी धरल्यासारखे.

मला हसू आलं. "मावशी, हात का वर?"

"का म्हंजी? वजन कराचं न्हाई का?"

"करायचंय. पण हात वर कशाला?"

"तुमच्यात न्हाई का हे? आमच्या उदगीरच्या सेंटरात हात वर केल्याबिगर वजनच करू देत न्हाईत. काठी लांब, हात वर. डॉक्टर सोडतील, पर तोलार सोडत न्हाईत."

मी काट्याजवळ होतो. आकडा तसाच सोडून मावशींकडं वळलो.

"कोण तोलार?"

"हायत एक म्हातारं. पेशंटच हायत, माझ्याच पाळीला. मोंढ्यात काट्यावर होते म्हणं पैलं. सगळ्यांचं वजन तेच पुकारत्यात. आन् सवताचं करताना दोघा-दोघांना बलवत्यात. म्हणत्यात, माझ्यावर इस्वास ठिवू नका, मी पक्का चोर हाय."

"आहेत? म्हणजे... अजून येतात?"

"मंगळवार-शुक्कुरवार. परवा मला लातूरला जातीस म्हणून पेरूची पिशवी दिले. मीच म्हणले, आवो, पेरू आपल्याला चालत न्हाई. तर म्हणले, नातवाला दे, तू नुसता वास घे."

पुढचं मावशींनीच आपणहून सांगितलं, त्यांना ते सगळं पाठ होतं, त्यांच्या सेंटरात सगळ्यांनाच असणार. कोरोनात हद्द बंद झाली तेव्हा तोलारकाकांना त्यांच्या मुलानं आडवाटेनं बिदरला नेलं होतं. तीन दिवस ते बसून होते, आडवं होता येत नव्हतं. बिदरच्या डॉक्टरनं आणखी एक दिवस गेला असता तर, असं म्हटलं होतं.

"मग आम्ही इचारतो त्यांना," मावशी म्हणाल्या, "का ओ काका, चोर का म्हणताव सवताला? तर म्हणत्यात, चाळीस वर्सं काट्यावर उभा होतो, कुणाचं गुंजभर चोरलो न्हाई. एकदाच चोरलो, नांदेडला. एका भोळ्या तम्माच्या डोळ्यांदेखत तीन किलो चोरलो. आन् ते बी माझंच."

मी अजून आकडा वाचला नव्हता. मावशींचे दोन्ही हात वरच होते.